चौदा मिलिलिटर

अंबरनाथ
रविवार, १३ जून २००४

चि. स्वप्नाली,
जयभीम.

तू फोनवर येत नाहीस. अंजना रिसीव्हर हातात धरून "अगं, मामा आहे" म्हणते, मग पलीकडून भांड्यांचा आवाज येतो आणि मग अंजनाच मला सांगते, "बाहेर गेलीय." माझी बहीण लहानपणापासून खोटं बोलण्यात कच्ची. म्हणून पत्र लिहितोय. पोस्टमनला असलं काही सांगता येत नाही.

निकाल कळला. मॅथ्समध्ये एकाहत्तर आणि केमिस्ट्रीत एकतीस! चार मार्कांनी बारावी राहिली. प्रॅक्टिकल अर्धवट टाकून तू निघून गेलीस, तोंडीलाही थांबली नाहीस, मग मार्क कुठून येणार? तरी रागावत नाही. रागवायचा हक्क मला नाही असं तुझी मामी म्हणते. सुनंदा हल्ली माझ्याशी मोजकंच बोलते आणि त्यातलं निम्मं असलंच असतं.

फेब्रुवारीतल्या त्या दिवसाबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण न लिहिलं तर पुढचं काहीच लिहिता येत नाही. थोडक्यात लिहितो. तुला ब्युरेटच्या नळीवर चौदा मिली रीडिंग आलं. बाकी सगळ्यांच्या पेपरवर दहा होतं. मी तुझ्या मागून जाताना "दहा लिही" म्हणालो होतो. सगळ्यांनाच सांगतो. लॅब असिस्टंट म्हणून सव्वीस वर्षं सांगत आलोय. पोरांचे हात थरथरतात, वेळ कमी असतो, बरोबर रीडिंग कानात सांगितलं तर बिचारी पार पडतात. आमच्याकडे याला कुणी कॉपी म्हणत नाही. तू मात्र लिहिलं नाहीस. परीक्षकांनी पुन्हा करायला लावलं, पुन्हा चौदा. तिसऱ्यांदा चौदा. मग ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बारावीला बसतेस आणि साधं टायट्रेशन येत नाही? कुणी पाठवलं तुला सायन्सला?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी रॅकवरच्या बाटल्या सरळ करत होतो.

असं होतं कधी कधी. ब्युरेटची तोटी गळते, मग जास्त लागल्यासारखं दिसतं. तुझं सतरा नंबरचं ब्युरेट जुनंच आहे.

संध्याकाळी घरी आलो तर तुझं टेबल रिकामं. दोन वर्षं आमच्याकडे राहून शिकलीस आणि चपला घालताना मामीला एवढंच म्हणालीस की बदलापूरला जाते. असो.

ऑक्टोबरची परीक्षा आहे. फॉर्म ऑगस्टच्या बारा तारखेपर्यंत भरायचा. अंजना म्हणते तू उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या गाळ्यावर जातेस आणि बटणं-रिव्हेट मोजून देतेस. जा, कामात कमीपणा नाही. पण मला सांग, तू ती बटणं एकेक करून मोजतेस का? नाही. एक ग्रोस, म्हणजे एकशे चव्वेचाळीस, एकदा मोजून काट्यावर ठेवतेस, वजन बघतेस आणि मग पुढचं सगळं वजनावर देतेस. मोठ्या पितळी बटणांचा ग्रोस जड, रिव्हेटचा हलका, पण नग दोन्हीकडे तेवढेच. बाई, हाच मोल! अकरावीत तुला जो धडा जाता जात नव्हता तो तू रोज करते आहेस. अणू मोजता येत नाहीत म्हणून माणसाने त्यांचा एक मोठा ग्रोस ठरवला, सहावर तेवीस शून्यं आणि वर थोडे. कार्बनचा तो ग्रोस बारा ग्रॅम भरतो, पाण्याचा अठरा. मोल किती हे काढायचं तर हातातल्या वजनाला एका मोलच्या वजनाने भागायचं. बस.

गणित पहिलं: ९ ग्रॅम पाण्यात किती मोल?
गणित दुसरं: ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा, एका मोलचं वजन ४०. त्याचं २५० मिली द्रावण केलं. एका लिटरला किती मोल पडतील? त्यालाच मोलॅरिटी म्हणतात, घाबरू नकोस.

मी इंटर सायन्सला केमिस्ट्रीतच आपटलेला माणूस, तेव्हा मास्तरकी करतोय म्हणून हसू येईल. हस.

तुझा मामा,
शंकर

*

अंबरनाथ
रविवार, २७ जून

चि. स्वप्नाली,
जयभीम.

उत्तर नाही. पण अंजना म्हणाली की पत्र फाडलं नाहीस, आणि गाळ्यावरच्या एका चिठ्ठीच्या पाठीवर "०.५" आणि "०.४" असं लिहिलेलं तिला तुझ्या डब्याच्या पिशवीत सापडलं. तिला वाटलं कापडाचं माप आहे. दोन्ही बरोबर आहेत. मी तिला पेढे आणायला सांगणार होतो, पण तू आणखी चिडशील म्हणून गप्प राहिलो.

आज द्रावण. यात पोरं एकच चूक वर्षानुवर्षं करतात. एक लिटर द्रावण करायला सांगितलं की एक लिटर पाणी घेतात आणि त्यात पूड टाकतात. चूक. आधी पूड थोड्या पाण्यात विरघळवायची, स्टँडर्ड फ्लास्कमध्ये ओतायची, बीकर दोनदा विसळून तेही पाणी आत घ्यायचं आणि मग मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं. शेवटचे चार थेंब ड्रॉपरने. एक लिटर *पाण्यात* करणं आणि एक लिटर *होईपर्यंत* करणं यात फरक आहे. पाणीच किलोवर तोलून घेतलं तर ती मोलॅलिटी, तिचं गणित वेगळं, पण निदान कुठलं कुठे वापरायचं ते नावावरून कळतं.

आणि पातळ करणं? घरी चार माणसं जास्त आली की मामी आमटीत तांब्याभर पाणी ओतते. आमटी वाढली, डाळ वाढली का? डाळ तेवढीच. म्हणून आधीची मोलॅरिटी गुणिले आधीचं आकारमान बरोबर नंतरची गुणिले नंतरचं. मामीने हे वाचलं आणि म्हणाली, "माझ्या आमटीची बदनामी परीक्षेपुरतीच ठेवा."

गणित तिसरं: दुसऱ्या गणितातलं द्रावण १०० मिली घेऊन ५०० मिलीपर्यंत पाणी भरलं. आता मोलॅरिटी किती?

आता एक सांगायचं आहे. मी परवा सतरा नंबरचं ब्युरेट काढून पाण्याने भरलं आणि स्टँडला लावून दोन तास ठेवलं. एक थेंब गळला नाही. मागच्या पत्रात तोटीचं लिहिलं ते मागे घेतो. मग असं असेल की तुझा हात पुढे गेला. गुलाबी रंग टिकला की थांबायचं असतं, तू थोडी पुढे गेली असशील.

हे लिहिलं आणि पुन्हा वाचलं. तीनदा, आणि तिन्ही वेळा चार मिली पुढे? तुझा हात मला माहीत आहे. फ्लास्कची मान हाताला जेमतेम सोसेल इतकी तापवायची, गडद द्रावणाची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायची, हे सगळं सुटीत लॅब रिकामी असताना मीच तुला शिकवलंय. "जे दिसतं ते लिही" असंही मीच म्हणालो होतो. माझं ऐकणारं एकच पोर निघालं, आणि ते नेमकं माझ्याच घरचं.

ब्युरेट धुऊन जागेवर ठेवलं आहे.

मामा

*

अंबरनाथ
रविवार, ११ जुलै

स्वप्नाली,

आज फक्त एक गणित.

गणित चौथं: एका माणसाने ऑक्झॅलिक ॲसिड ६.३ ग्रॅम तोललं आणि त्याचं एक लिटर द्रावण केलं.
(अ) बाटलीतल्या ॲसिडच्या स्फटिकात पाणी धरलेलं असेल, म्हणजे एका मोलचं वजन १२६, तर मोलॅरिटी किती?
(ब) ॲसिड कोरडं, पाणी काढून टाकलेलं असेल, म्हणजे ९०, तर मोलॅरिटी किती?
(क) अ-च्या दहा मिलीला ब्युरेटमधलं दहा मिली पर्मँगनेट लागतं. तर ब-च्या दहा मिलीला किती लागेल?

तू हुशार आहेस, (क) करताना तुझा हात थांबेल. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवू? तो माणूस मी.

दरवर्षी ऑक्झॅलिक एकाच कंपनीचं येतं, पाण्यासकट असतं ते. दरवर्षी मी ६.३ तोलतो. तोलताना वहीसुद्धा उघडत नाही. लॅबमध्ये नवीन शिक्षक आले की लालवानी मॅडम त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "शंकररावांच्या तोंडात सगळे आकडे आहेत," आणि मी फुगतो. या फेब्रुवारीत परीक्षा चार दिवसांवर आली तरी माल आला नव्हता. महेंद्र माझा शाळेतला दोस्त, इथल्याच एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. त्याने एक बाटली दिली. नाव तेच, पांढरी पूड तशीच. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की हे निर्जल आहे, खाली ९० आकडाही होता. मी चष्मा न लावता नाव वाचलं आणि ६.३ तोललं. तुमच्या गाळ्यावर कुणी रिव्हेटचा डबा पितळी बटणांच्या वजनाने मोजून दिला तर जे होईल ते झालं. वजन बरोबर, नग भलतेच.

म्हणजे त्या दिवशी लॅबमध्ये खरं उत्तर चौदा होतं. चोवीस जणांत ते एकट्या तुला आलं. बाकीच्यांनाही आलं असतं, पण त्यांनी मी सांगितलेलं लिहिलं. माझा हा आकडाही मी करून बघितलेला नव्हता, सवयीचा होता.

हे मला आज कळलं असं समजू नकोस. तू गेल्यावर त्याच संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी उरलेल्या द्रावणाचं टायट्रेशन केलं. चौदा. मग बाटलीचं लेबल वाचलं. मॅडम अजून ऑफिसात मार्क भरत होत्या, परीक्षकही तिथेच चहा पीत होते. वीस पावलं चालून जायचं होतं. मी द्रावण मोरीत ओतलं, वरून नळ सोडला आणि घरी आलो. तोटी गळते असं लिहिलं तेव्हाही मला माहीत होतं. हात पुढे गेला असं लिहिलं तेव्हाही.

का नाही गेलो? दोन वर्षांनी निवृत्ती आहे, चौकशी लागली असती, हे आहेच. चोवीस पोरांची प्रॅक्टिकल पुन्हा घ्यायला लागली असती, तेही आहे. पण खरं सांगू? शंकररावांचं द्रावण चुकलं असं कुणी म्हटलेलं मला ऐकवलं नसतं. एवढ्यासाठी मी तुला खोटं पाडलं. मला लाज वाटते, पोरी. पाच महिने वाटतेय.

मला माफ कर. फॉर्म भर. तुला येतं, तुला सगळं येतं.

मामा

*

अंबरनाथ
शुक्रवार, २३ जुलै

स्वप्नाली,

तुझं पत्र मिळालं. अंतर्देशीय, तेही अर्धं कोरं. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं, तरी इथे उतरवतो. आपल्या हाताने लिहिलं म्हणजे डोक्यात शिरतं.

"मामा, चौदा येतं. मला ते फेब्रुवारीतच आलं होतं. तुम्ही माफी पाकिटात घालून, गोंद लावून पाठवलीत. त्या दिवशी लॅबमध्ये चोवीस जण होते आणि परीक्षक मोठ्याने बोलत होते. फॉर्म भरणार नाही. तिथे पुन्हा उभी राहून मला जे दिसतं ते खरं आहे का, हे कुणाला विचारू? इथे गाळ्यावर बरं आहे. काटा जे दाखवतो ते शेठ लिहून घेतात. - स्वप्नाली"

पहिल्यांदा राग आला. म्हटलं, एवढीशी पोर, जिच्या वेण्या मी घातल्या (वाकड्या घातल्या, पण घातल्या), ती मला पाकिटाचं सांगते! मामीला पत्र दाखवलं, म्हटलं, बघ भाचीचा तोरा. तिने वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, "मग? काय चुकलं यात?"

अगं, पण कुणाला सांगू? ती पोरं पांगली. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी डिप्लोमाला, दोघं-तिघं रिपीटर. परीक्षक कुठल्या कॉलेजचे होते तेही मला आठवत नाही. बोर्ड एकदा लागलेला निकाल माझ्या बोलण्याने बदलणार नाही, हे मी विचारून घेतलं, अगदी मोघम, "समजा असं झालं तर" अशा भाषेत. बोर्डातला क्लार्क म्हणाला, काका, समजा असं काही झालंच असेल तर गप्प बसा, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणजे तुझा एक मार्कही वाढणार नाही आणि माझी सव्वीस वर्षं पाण्यात जातील. सांगून मिळणार काय?

आणखी एक कबूल करतो. मी कॅम्प तीनला येऊन गेलो. मेमध्ये, निकालाच्याही आधी. शेअर रिक्षातून उतरलो, समोरच्या टपरीवर दोन चहा घेतले. गाळ्याचं शटर अर्धं उघडं होतं. तू काट्याशी बसली होतीस, एकाने डबा आणून ठेवला, तू वजन बघितलंस आणि म्हणालीस, "भाई, ये कम है." तो म्हणाला, "पूरा है, मैंने खुद गिना है." तू म्हणालीस, "काँटा देखो, मुझे मत देखो." त्याने डबा परत नेला. मला रस्ता ओलांडता आला नाही.

फॉर्मला वीस दिवस आहेत. काय करावं कळत नाही. कळलं की लिहीन.

मामा

*

अंबरनाथ
शनिवार, ७ ऑगस्ट

चि. स्वप्नाली,
जयभीम.

सांगितलं.

गुरुवारी बारावीची बॅच होती, आणि ऑक्टोबरला बसणारे रिपीटरही सरावाला आले होते. लालवानी मॅडम फळ्यावर टायट्रेशन समजावत होत्या. मी रॅकपाशी होतो. त्या म्हणाल्या, "ऑक्झॅलिक सिक्स पॉइंट थ्री, बरोबर ना शंकरराव?" दरवर्षी विचारतात, मी दरवर्षी मान हलवतो. या वेळी म्हणालो, "मॅडम, बाटली बघून सांगतो." पोरं हसली. मी बाटली खाली घेतली, चष्मा लावला, लेबल मोठ्याने वाचलं. आणि मग थांबता आलं नाही.

म्हणालो, "फेब्रुवारीच्या परीक्षेला मी लेबल वाचलं नव्हतं. द्रावण चुकलं होतं. मी सगळ्यांना दहा सांगितलं, ते खोटं होतं. खरं चौदा होतं. सतरा नंबरच्या ब्युरेटवर जी मुलगी होती तिला तीनदा चौदा आलं, आणि तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली. ती बरोबर होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही."

मागच्या बाकावरचा साईनाथ, तुझ्याच बॅचचा, फिजिक्समध्ये राहिलेला, म्हणाला, "काका, म्हणजे माझं दहा चुकीचं होतं? मला तर फुल मार्क मिळाले!" कुणी हसलं नाही. मग तोच म्हणाला, "ती मुलगी म्हणजे स्वप्नाली ना? आम्ही तिला हसलो होतो." मी म्हणालो, "हो, स्वप्नाली. माझी भाची." सगळ्यांसमोर डोळे पुसले, त्यालाही इलाज नव्हता.

मॅडम मला बाहेर घेऊन गेल्या. "शंकरराव, ये क्या कर दिया आपने? मुझसे अकेले में बोलते. आता मला प्रिन्सिपॉलसाहेबांना लिहावं लागेल." मी म्हणालो, "तुम्ही कशाला, मीच लिहून आणलंय," आणि खिशातला अर्ज दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला. मला वाटलं ओरडतील. त्या अर्जाची घडी घालत म्हणाल्या, "मी तरी एकदा स्वतः टायट्रेशन करून बघायला हवं होतं. मीही नाही बघितलं." तेवढं बोलून त्या पुन्हा वर्गात गेल्या.

काल खुलासा मागणारं पत्र आलं. चौकशी होईल. परीक्षेच्या कामातून मला काढलं आहे. तुझ्या एकतीसाचे एकतीसच राहणार, ते बोर्ड बदलणार नाही. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटत नाही. लॅबमध्ये पोरं कुजबुजतात, मी आलो की थांबतात, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्याच मोरीशी अवघडल्यासारखं होतं.

फॉर्म भर असं या वेळी म्हणत नाही. तुझी परीक्षा आहे, तू ठरव. फक्त तू विचारलं होतंस की मला जे दिसतं ते खरं आहे का हे कुणाला विचारू, त्याचं उत्तर मी त्या दिवशी द्यायला हवं होतं. गुरुवारी दिलं. उशीर झाला.

मामा

ता. क. मामी माझ्याशी पुन्हा पूर्ण वाक्यात बोलू लागली आहे. पहिलं वाक्य होतं, "चष्मा लावत जा."

*

अंबरनाथ
रविवार, १० ऑक्टोबर

चि. स्वप्नाली,
जयभीम.

बारा ऑगस्टला तू फॉर्म भरलास हे मला तेरा तारखेला अंजनाकडून कळलं, आणि तिनेच बजावलं, "दादा, उड्या मारू नकोस, तिला आवडणार नाही." म्हणून दोन महिने एक अक्षर लिहिलं नाही. गणितंही पाठवली नाहीत. किती जड गेलं म्हणून सांगू! मला लायब्ररीत बदललं आहे हे तुला कळलंच असेल. कपाटं पुसतो, पुस्तकांना नंबर चिकटवतो. पुस्तकं फुटत नाहीत एवढाच फायदा. लॅबची आठवण येते. ॲसिडच्या वासाचीसुद्धा येते. पण ते माझं मी निस्तरीन.

काल तुझ्या प्रॅक्टिकलला मी कॉलेजच्या गेटाशी वॉचमनच्या स्टुलावर बसलो होतो ते तू आत जाताना पाहिलंस. मान हलवलीस. आठ महिन्यांनी. मी त्यावरच खूश होतो.

तू आत गेल्यावर चार-पाच रिपीटर माझ्याभोवती जमले. साईनाथ त्यांना घेऊन आला होता, स्वतःचा फिजिक्सचा पेपर झालेला असूनही. "काका, आज कितीचं रीडिंग आहे? तुम्हाला आतून कळलं असेल ना?" मी म्हणालो, "मला माहीत नाही रे." त्यांना वाटलं मी चौकशीमुळे घाबरलोय. मी म्हणालो, "खरंच माहीत नाही. द्रावण दुसऱ्या कॉलेजच्या माणसाने केलंय. ब्युरेट भरा, खाली बघा, रंग टिकला की थांबा." एक जण चिडून म्हणाला, "मग इथे बसलात कशाला?" बरोबर होतं त्याचं. मी तुझ्यासाठी बसलो होतो.

तू सगळ्यात शेवटी बाहेर आलीस. बोटं पर्मँगनेटने तपकिरी झाली होती. जवळ येऊन उभी राहिलीस आणि मी काय म्हणावं? मी वाक्यं पाठ करून ठेवली होती, चांगली होती सगळी. तोंडातून निघालं ते, "किती आलं?"

तू म्हणालीस, "नाही सांगणार."

मी म्हणालो, "अगं, का?"

"तुम्ही मनात ताळा करून बघाल. बरोबर की चूक ते तुमच्या तोंडावर दिसेल. मला नको. मी तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच आलं, तेच लिहिलं. माझं मला माहीत आहे."

मग म्हणालीस, मामीला सांगा दिवाळीत येते. आणि स्टेशनच्या रस्त्याला लागलीस.

घरी येईपर्यंत मी घुश्शात होतो, तेही लिहून टाकतो. वाटलं, मी एवढं सगळं केलं, लॅब गेली, आणि हिला मला एक आकडा सांगवत नाही! मामीपुढे कुरकुर केली. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, "पोरांनी आजवर तुम्हाला रीडिंग विचारलं. तुम्हाला कुणी 'नको' म्हटलं होतं का कधी?" मी आठवून पाहिलं. सव्वीस वर्षांत हजारो पोरं त्या लॅबमधून गेली. माझं ऐकून सगळी पास झाली, आणि त्यांतल्या एकालाही आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवायला मी शिकवलं नाही. तुला शिकवलं आणि तुलाच त्याची शिक्षा दिली. तरी तू कालही तिथे उभी राहून तेच केलंस.

निकाल लागेल तेव्हा लागेल. पास झालीस तर अंजनाकडून कळेल, नाही झालीस तरी कळेल. पण कालचं रीडिंग मला कधीच सांगू नकोस, बाळा. मी विचारलं तरी नको.

मामा